योसेफाचे भाऊ, दावीदाची पोरं आणि आपलं घर: बायबलमधल्या बिघडलेल्या कुटुंबांकडून शिकायचं कसं

पप्पा गेल्यानंतरची पहिली कौटुंबिक प्रार्थना खडकीच्या घरी होती आणि वचन वाचायची पाळी माझी होती. मी मुद्दाम लूक १५ काढला, उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे बापाची मालमत्ता उधळून परत आलेला धाकटा, त्याच्यासाठी बापाने दिलेली मेजवानी आणि घरी राबत राहिलेला मोठा. धाकट्याचा भाग भराभर वाचून टाकला आणि मोठा भाऊ रुसून घरात यायला तयार होत नाही तिथे पोचल्यावर आवाज चढवून, सरळ दादाकडे बघत वाचलं. पप्पांच्या फ्लॅटवरून आमचं आधीच धुमसत होतं ना, त्यामुळे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं मी कोणाला वाचून दाखवतेय. दादाने आमेन म्हटलं, चहा न घेता उठला, वहिनी मागोमाग, आणि त्यानंतर एकवीस महिने तो माझ्याशी बोलला नाही.

संडे स्कूलमध्ये इतकी वर्षं शिकवतेय, वचनं तोंडपाठ, आणि स्वतःच्या घरात मी वचनाचा दगड करून भावाला मारला. म्हणून हे लिहितेय. बायबलमधल्या कुटुंबांकडून शिका असं प्रत्येक उपदेशात सांगतात, पण शिकायचं म्हणजे नेमकं बसून काय करायचं हे फारसं कोणी सांगत नाही, मी ते चुकत माकत शिकले, त्यातलं जे उपयोगी पडलं ते क्रमाने देतेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ही घरं मी पुन्हा पुन्हा वाचली तेव्हा मला एक दिसायला लागलं, की मोठं पाप होतं त्याच्या आधी किंवा नंतर घरात कुठेतरी बोलणं थांबलेलं असतं. जे तोंडावर बोलायला हवं ते कोणी बोललेलं नसतं, किंवा भलत्याच माणसाच्या कानात बोललेलं असतं. मग मी ते शोधूनच वाचायला लागले. तुम्हाला दुसरं काही दिसेल, चालेल, पण मला यानेच वाट सापडली.

पहिली पायरी: एकच घर घ्या

उत्साहात आदाम ते तीमथ्य सगळं एका महिन्यात करू नका, काहीच हाताला लागत नाही. एक घर घ्या आणि महिनाभर त्यातच राहा. कुठलं घ्यायचं? आपल्याकडे काय दुखतंय त्यावर ठरवा. एका मुलाला झुकतं माप दिलं जातंय असं वाटत असेल तर इसहाक-रिबका आणि याकोब, म्हणजे उत्पत्ती २५ पासून पुढे. मुलांना काही बोलता येत नाही, ती हाताबाहेर चाललीत, तर याजक एली (१ शमुवेल २ ते ४) आणि दावीद राजा (२ शमुवेल ११ ते १८). सासू-सून असेल तर रूथ, चारच अध्याय आहेत आणि त्या घरात भांडण नाही, दारिद्र्य आणि मरण आहे, पण सासू नामी परत आल्यावर गावात सगळ्यांसमोर "मी रिकामी परत आले" म्हणते तेव्हा सून शेजारीच उभी असते, ते वाचून बघा आणि सुनेच्या जागी उभं राहून ऐका. नवऱ्याला आपण नकोसे आहोत असं वाटणाऱ्या बाईने याकोबाची बायको लेआ वाचावी, तिने मुलांची नावं काय ठेवली आणि का, उत्पत्ती २९ च्या शेवटी आहे. भावंडांतला हेवा म्हटलं की आपण मार्था-मरीयाच धरतो पण गणना १२ मध्ये मिर्याम आणि अहरोन मोशेविरुद्ध बोलतात ते जास्त आपल्यासारखं आहे, निमित्त भावजयीचं आणि दुखणं मानाचं.

घरात तुम्ही एकटेच विश्वासात असाल तर योहान ७:५ बघा, खुद्द येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता असं तिथे लिहिलंय. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचे वडील ग्रीक होते, विश्वास आला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून. आणि आपल्या मराठी मंडळींत शोधायला लांब जायला नको, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, मग एकत्र आल्या, आणि पुढे त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर.

दुसरी पायरी: मोठ्याने वाचा, आणि चांगलं-वाईट ठरवायची घाई करू नका

मोठ्याने वाचा म्हणतेय ते खरंच मोठ्याने. मनात वाचताना आपण माहीत असलेली गोष्ट वाचतो, कागदावरची नाही. योसेफाची गोष्ट उत्पत्ती ३७ ते ५० आहे, तीन-चार संध्याकाळी आरामात होते. मराठी जड जात असेल तर फोनवर सोपं भाषांतर ठेवा, त्यात कमीपणा काही नाही, पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं तेसुद्धा साध्या बायकांना कळावं म्हणूनच.

आता इथे सगळ्यात मोठा खड्डा आहे. बायबलमध्ये एखादी गोष्ट लिहिलीय म्हणजे तसं करा असं नाही. काही ठिकाणी आज्ञा असते, काही ठिकाणी फक्त घडलेलं सांगितलेलं असतं. याकोबाला दोन बायका होत्या हे घडलेलं आहे, आणि त्याने घराचं काय झालं तेही पुढच्याच पानावर आहे, दोन बहिणी पुत्रदात्रीच्या फळांसाठी भांडतायत आणि नवऱ्याच्या रात्रीचा सौदा करतायत (उत्पत्ती ३०). मग ओळखायचं कसं? मी तीन गोष्टी बघते. एक, पुढे त्याचं फळ काय निघालं. दोन, मजकूर स्वतः काही म्हणतो का, जसं दावीद दुसऱ्याच्या बायकोला, बथशेबाला, आपल्याकडे आणतो त्या अध्यायाच्या अगदी शेवटी एका ओळीत येतं की दावीदाने केलं ते परमेश्वराला आवडलं नाही. तीन, येशू त्या विषयावर काय बोलला, उदाहरणार्थ मत्तय १९ मध्ये तो सोडचिठ्ठीबद्दल म्हणतो की सुरुवातीपासून तसं नव्हतं.

हे कळलं नाही तर काय होतं सांगते. सारा अब्राहामाला स्वामी म्हणायची, ते पेत्राच्या पत्रातलं वचन लग्नात, साखरपुड्यात, प्रत्येक ठिकाणी बायकांना ऐकवलं जातं. पण उत्पत्ती २१:१२ मध्ये देव अब्राहामाला सांगतो की सारा जे म्हणते ते ऐक. हे मी अजून एकाही लग्नात ऐकलं नाही. म्हणजे सारा बरोबर होती असंही नाही, त्या वेळी ती दासी हागारला आणि तिला अब्राहामापासून झालेल्या पोराला हाकलून द्या म्हणत होती. गुंतागुंत आहे आणि ती तशीच राहू द्यायची, सोडवायची घाई करायची नाही.

तिसरी पायरी: वही घ्या, दोन रकाने करा

साधी दोनशे पानी वही चालेल. डावीकडे लिहा कोण कोणाशी बोललं, उजवीकडे लिहा कोण कोणाशी बोललं नाही. बस एवढंच. यात मजा आहे, करून बघा, मी आमच्या महिला मंडळात हे केलं तेव्हा दुपारी तीनला सुरू केलेली मीटिंग साडेसहापर्यंत चालली आणि पोहे गार झाले.

इसहाक-रिबकाचं घर घ्या. जुळी पोटात असतानाच रिबकाला देवाने सांगितलेलं असतं की थोरला धाकट्याची सेवा करील. हे तिने नवऱ्याला सांगितलं का? मजकुरात कुठेही नाही. इसहाकाला शिकारीचं मटण आवडतं म्हणून थोरला एसाव लाडका, रिबकाचा धाकटा याकोब लाडका, एका ओळीत उरकलंय (२५:२८). मग म्हातारपणी इसहाक गुपचूप एसावला बोलावून आशीर्वादाचं ठरवतो, रिबका ते आडून ऐकते आणि गुपचूप याकोबाला पढवते. नवरा-बायकोत त्या विषयावर एक वाक्य नाही. जेवण बनतंय, याकोब एसावसारखा केसाळ लागावा म्हणून हातांना कातडी बांधली जातायत, आंधळ्या बापाला फसवलं जातंय, आणि त्या दोघांनी समोरासमोर बसून पाच मिनिटं बोललं असतं तर यातलं काहीच लागलं नसतं. मग एसाव मारून टाकील म्हणून रिबका याकोबाला म्हणते थोडे दिवस माझ्या भावाकडे, लाबानाकडे, जाऊन राहा. थोडे दिवस! याकोब लाबानाकडे वीस वर्षं राहिला, आणि मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याचं बायबलमध्ये कुठे नाही.

आता तोच याकोब स्वतः बाप होतो आणि तेच करतो. लाडक्या योसेफाला एकट्याला खास झगा. उत्पत्ती ३७:४ म्हणते की भाऊ योसेफाचा द्वेष करायला लागले आणि त्यांना त्याच्याशी धड बोलवेना. ही ओळ वहीत लाल पेनने लिहा. कारण मग भावांनी त्याला खड्ड्यात टाकणं, वीस रुपयांची विक्री (म्हणजे चांदीची वीस नाणी), बापाला दाखवायला रक्त लावलेला झगा, सगळं होतं, आणि आठ अध्यायांनी ४५:१५ येतं, योसेफ भावांच्या गळ्यात पडून रडतो आणि मग लिहिलंय, त्यानंतर त्याचे भाऊ त्याच्याशी बोलले. मध्ये किती काळ गेला? विकला तेव्हा तो १७ वर्षांचा, मिसरच्या म्हणजे इजिप्तच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहिला तेव्हा ३०, मग सुकाळाची ७ वर्षं, दुष्काळाची २. म्हणजे ३९. बावीस वर्षं लागली त्या "बोलवेना"पासून "बोलले"पर्यंत यायला. मी हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा दादाला आणि मला तेरा महिने झाले होते.

दावीदाचं घर मात्र एकट्याने, रात्री वाचू नका, जड जातं. दावीदाचा मुलगा अम्नोन सावत्र बहिणीवर, तामारवर, बलात्कार करतो. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणतो गप्प राहा, मनावर घेऊ नको. दावीद ऐकून खूप संतापतो, आणि पुढे काही नाही. संतापला, पूर्णविराम. अबशालोम अम्नोनशी बरं-वाईट काहीच बोलत नाही, पूर्ण दोन वर्षं, आणि मग मेंढरांच्या कातरणीच्या मेजवानीत त्याला मारून टाकायला लावतो. मग पळून तीन वर्षं गशूरला, आजोळी, मग यरुशलेमेत परत पण दोन वर्षं बापाचं तोंड बघायला नाही. बाप-लेक एकाच शहरात! आपल्याकडे एक कोथरूडला आणि एक हडपसरला राहून एकमेकांकडे जात नाहीत तसंच. पुढे अबशालोम बापाविरुद्ध बंड करतो आणि लढाईत मारला जातो. शेवटी दावीद बोलतो तेव्हा काय, माझ्या मुला अबशालोमा, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर, आणि ऐकायला अबशालोम जिवंत नसतो.

आणि अजून एक ओळ, १ राजे १:६, सहज निसटते. दावीदाचा आणखी एक मुलगा, अदोनीया, राजा व्हायला निघतो तिथे लिहिलंय की त्याच्या बापाने त्याला आयुष्यात कधी "तू असं का केलंस" एवढं विचारून दुखवलं नव्हतं. एली तरी बोलला होता बिचारा, म्हातारपणी मुलांना समजावलं, पण थांबवलं नाही, नुसतं बोलून काम झालं असं समजला.

चौथी पायरी: मी कोण आहे ते शोधा, आणि फक्त मीच

इथे मी आपटले म्हणून इथे जरा थांबते. गोष्ट वाचली की आपल्याला लगेच दिसतं की वहिनी म्हणजे कोण, सासरे म्हणजे कोण, नणंद तर हुबेहूब. नियम करा की पहिले पंधरा दिवस वहीत घरातल्या दुसऱ्या कोणाचंही नाव लिहायचं नाही. फक्त स्वतःचं. मी या गोष्टीत कोणाच्या जागी आहे? आणि दर वाचनाला जागा बदला, आज योसेफ झालात तर उद्या त्याला विकू या म्हणणारा भाऊ यहूदा व्हा, परवा झगा शिवणारा बाप.

मी लूक १५ कायम धाकट्याच्या बाजूने वाचत होते कारण घर सोडून लग्न करून गेले ती मी आणि आईपप्पांजवळ राहिला तो दादा. त्याच्या जागेवरून वाचलं तेव्हा ससूनच्या रांगा दिसल्या, पप्पांच्या डायलिसिसच्या दिवशी सकाळी सहाला रिक्षा शोधणं, गॅसचा नंबर लावणं, आणि बहीण रविवारी येते, दोन तास बसते, केक आणते आणि सगळे म्हणतात पोरीचा किती जीव आहे बापावर. दाखल्यातला मोठा भाऊ म्हणतो इतकी वर्षं मी तुझी चाकरी केली आणि मला कधी एक करडूही दिलं नाहीस. ते करडू मला तेव्हा दिसलं.

दावीदाला त्याचं पाप तोंडावर सांगणारा संदेष्टा नाथान व्हायची सगळ्यांना फार हौस असते, "तो मनुष्य तूच आहेस" म्हणायला. पण नाथानाला देवाने पाठवलं होतं. आपल्याला बहुतेक वेळा आपल्या रागाने पाठवलेलं असतं. घरच्या प्रार्थनेत कोणाला तरी लागावं म्हणून वचन निवडायचं नाही, प्रार्थनेतही नाही, "प्रभू, काही लोकांचं मन कठीण झालंय त्यांना मऊ कर" असल्या प्रार्थना सगळ्यांना कळतात.

पाचवी पायरी: आठवड्याला एक छोटी गोष्ट, वार आणि वेळ लावून

वहीतून एक धडा काढा आणि त्याचं एक काम करा. "मी पक्षपात करणार नाही" हे काम नाही, ते नुसतं बरं वाटणं आहे. काम म्हणजे, शनिवारी संध्याकाळी बसून गेल्या वर्षात कुठल्या मुलावर क्लास, फोन, गाडी, बूट धरून किती खर्च झाला ते लिहायचं. आमच्याकडे एका मैत्रिणीने केलं आणि आकडा बघून तीच गप्प झाली, धाकट्याला कायम मोठ्याची जुनी सायकल, जुना डबा, जुनं दप्तर. सारखं देणं जमणारच असं नाही, गरजा वेगळ्या असतात, पण मग ते मुलाला सांगा की का. याकोबाने झगा दिला ते दिलंच, पण बाकीच्यांशी एक शब्द बोलल्याचं दिसत नाही.

अदोनीयाचा धडा असेल तर काम असं की या आठवड्यात मुलाला एकदा "असं का केलंस" विचारायचं, ओरडून नाही, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. शेवटचं जास्त अवघड आहे. समोरासमोर बसवून विचारलं तर पोरं तोंड उघडत नाहीत, टू व्हीलरवर मागे बसलेली असताना किंवा भांडी पुसताना बोलतात, हा माझा अनुभव.

हागारचा धडा मला अनपेक्षित लागला. उत्पत्ती १६ आणि २१ वाचून बघा, अब्राहाम आणि सारा तिला एकदाही नावाने हाक मारत नाहीत, "माझी दासी", "ही दासी". पहिल्यांदा तिचं नाव घेतो तो देवाचा दूत, विहिरीपाशी, आणि विचारतो तू कुठून आलीस, कुठे चाललीस. आणि ती देवाला नाव देते, मला पाहणारा देव. आता आपल्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं पूर्ण नाव किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं, नऊ वर्षं येतात त्या. माझं त्या आठवड्याचं काम तेवढंच होतं, नाव विचारलं आणि कुठून येतात ते विचारलं. जनता वसाहतीतून दोन बस बदलून येतात, आणि मी सात मिनिटांच्या उशिरावरून कुरकुरत होते.

कौटुंबिक प्रार्थना नसेल होत तर ती सुरू करणं हेही एक काम आहे पण छोटी ठेवा. पंधरा मिनिटं. हिंजवडीहून साडेनऊला दमून घरी पोचणाऱ्या माणसाला दहा वाजता तीन अध्याय आणि लांबलचक प्रार्थना घातली तर तो झोपणार, त्यात सैतानाचा काही हात नाही. एक परिच्छेद, एक प्रश्न, एक छोटी प्रार्थना. रोज नाही जमलं तर बुधवार आणि शनिवार.

सहावी पायरी: माफी मागायची असेल तर

दाखल्यातला धाकटा पुत्र घरी निघण्याआधी काय बोलायचं ते तिथेच डुकरांजवळ बसून ठरवतो, शब्द न् शब्द. आपणही लिहून काढायचं. माझा पहिला व्हॉट्सअॅप मेसेज दीड स्क्रीनचा होता, त्यात तीन वेळा "पण" होतं. दोन निळ्या टिक आल्या आणि काही नाही. मग मी लूक १५:२१ परत वाचलं, तिथे "पण" नाही. पुढचा मेसेज दोन ओळींचा, "दादा त्या दिवशी मी वचन तुला टोचायला वाचलं. चुकले." फ्लॅटचा विषय नाही, तू काय केलंस नाही, आईची शपथ नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं, "ठीक आहे". बास.

काय केलं ते नाव घेऊन सांगा, "काही चुकलं असेल तर" म्हणू नका. याकोब एसावला भेटायला जाताना नुसते शब्द नेत नाही, ५५० जनावरं आधी पाठवतो, कळपामागून कळप, मोजून लिहिलीयत उत्पत्ती ३२ मध्ये, आणि सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो. आशीर्वाद चोरला होता ना, मग परत देताना हात सैल. म्हणजे नुकसान पैशाचं, वस्तूचं केलं असेल तर माफीत ते यायला हवं. मत्तय ५:२३-२४ वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाकडे जा म्हणतं, ते प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात वाचा, रविवारी सकाळी वाचून काय उपयोग.

सातवी पायरी: जागा आणि पैशाचं असेल तर वकिलाकडे जा

हे आध्यात्मिक वाटत नाही पण लूक १२:१३ बघा, एक माणूस येशूला म्हणतो माझ्या भावाला सांग वतन वाटून द्यायला, आणि येशू म्हणतो मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? मग लोभाबद्दल बोलतो. जे काम खुद्द येशूने अंगावर घेतलं नाही ते तुमच्या पास्टरवर टाकू नका.

आपल्या ख्रिस्ती लोकांना भारतीय वारसा कायदा १९२५ लागू होतो हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं, शेजाऱ्यांचं ऐकून त्यांच्या कायद्याने भांडत बसतात. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं दोन तृतीयांश मुलांत सारखं, मुलगा-मुलगी फरक नाही, मुलीचं लग्न झालं असलं तरी. आमच्या बाबतीत म्हणजे आई एक वाटा, दादा एक, मी एक. हा हिशोब करायला वकिलांना दहा मिनिटं लागली आणि आम्ही त्यावर वर्ष घालवलं होतं. ज्यांचे आईवडील आहेत त्यांनी मृत्युपत्राचं बोलणं आताच काढा, ते रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं, दोन साक्षीदार मात्र लागतातच. नगरकडे जमीन असलेल्यांनी तर नक्कीच, आपल्यातल्या कितीतरी घरांची मुळं तिकडच्या मिशनच्या गावांतली, आणि तिथल्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असतं.

आठवी पायरी: जिथे समेट करायचा नाही

तामारची गोष्ट यासाठी बायबलमध्ये आहे असं मला वाटतं. घरात मारहाण असेल, पोरीबाळींवर हात टाकणारा कोणी असेल, तर हे क्षमा, प्रार्थना, कॉटेज मीटिंग (कोणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थना सभा) यांचं प्रकरण नाही. "घरातलं घरात ठेवा" हे अबशालोमने म्हटलं होतं, देवाने नाही. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, तातडीचं असेल तर ११२. मुलांवरचा लैंगिक अत्याचार कळूनही कळवला नाही तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे, कळवायला तुम्ही नातेवाईक असा, संडे स्कूल टीचर असा की पास्टर. आधी त्या व्यक्तीला तिथून बाहेर काढा. क्षमेचं ती बघेल, तिच्या वेळेने, आणि नाही जमली तरी तिला वचनं ऐकवायला जाऊ नका.

नववी पायरी: एकत्र राहायलाच हवं असं नाही

एसाव धावत येऊन याकोबाला मिठी मारतो, दोघं रडतात, आणि मग एसाव म्हणतो चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो तुम्ही पुढे व्हा, पोरं लहान आहेत, मी हळूहळू तुमच्या गावी, सेईरला येतो. आणि जातो सुक्कोथला! जातच नाही सेईरला. मला आधी याचा राग यायचा, परत थाप मारली म्हणून, आणि थाप ती आहेच. पण पुढे इसहाक वारतो तेव्हा एसाव आणि याकोब दोघं मिळून त्याला पुरतात (३५:२९). वेगळे राहिले आणि बापाच्या मातीला एकत्र आले. आपल्याकडे समेट म्हणजे पुन्हा एकाच छपराखाली, नाताळला करंज्या एकत्र, सगळं पूर्वीसारखं, असंच डोक्यात असतं आणि ते जमलं नाही की समेट झालाच नाही म्हणतो.

आणि एकदा झाला म्हणजे कायमचा झाला असंही धरू नका. दुष्काळात योसेफाने सगळ्यांना मिसर देशात बोलावून घेतलं, याकोब तिथे १७ वर्षं राहून वारला, आणि तो वारल्याबरोबर भाऊ परत घाबरले की योसेफ आता सूड घेणार, स्वतः जायची हिंमत नाही, निरोप पाठवला की बाबा मरताना म्हणाले होते क्षमा कर. सतरा वर्षं मिसरमधल्या गोशेन भागात त्याचं अन्न खाऊनसुद्धा. योसेफ तो निरोप ऐकून रडला. कशामुळे रडला ते लिहिलेलं नाही, तुमच्या वहीत उजव्या रकान्यात जागा सोडा त्यासाठी.

मी अजून तिथेच आहे. फ्लॅट विकायचा नाही असं ठरलं, आई आहे तोवर, आणि आई खडकीतच आहे. दादा चिखलीला गेलाय. मागच्या गुरुवारी त्याचा फोन आला, मी घाबरतच उचलला, तर म्हणाला त्यांच्या सोसायटीत तीन दिवस टँकर येतोय, तुमच्याकडे वानवडीत पाणी कसंय? मी म्हटलं सकाळी तासभर येतं. मग टँकरचे दर, मग बोअरवेल, मग चेअरमनला शिव्या, अकरा मिनिटं. उत्पत्ती ४५:१५ मध्ये भाऊ योसेफाशी काय बोलले ते दिलेलं नाही.